बूट इथून नेऊ नकोस

भाऊ, तू विचारलंस की बुटीबोरीच्या फॅब्रिकेशन शॉपमधून वेल्डर म्हणून दोह्याला जायचं आहे आणि एजंट म्हणतो, सेफ्टी शूज, हेल्मेट, ग्लोव्हज नागपुरातूनच ने, नाहीतर तिकडे पगारातून कापतील. वयाने मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. मी हिंगण्याचा. अकरा वर्षं कतारात आहे, पाइपच्या कामावरच.

कापताच येत नाहीत. कतारच्या २००४ च्या कामगार कायद्यात कलम १०० आहे. कामगाराला इजा किंवा आजार होऊ नये याची व्यवस्था मालकाने करायची, आणि तिचा खर्च कामगाराच्या माथी मारायचा नाही, पगारातूनही वळता करायचा नाही. एजंटचा इतवारीत बुटांचा धंदा आहे का, तेवढं विचारून बघ.

खरी गंमत कापण्यात नाही, रजिस्टरात आहे. माझ्या पहिल्या कंपनीत स्टोअरवाल्याने कागद पुढे सरकवला: बूट, हेल्मेट, चष्मा, कानाचे प्लग, मास्क, सगळ्यावर टिक. हातात आले ते बूट आणि हेल्मेट. रांगेत सगळेच सह्या करत होते, मीही केली. पुढे जी.आय. पाइपवर, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपवर, वेल्डिंग लागलं. जस्ताचा धूर नाकातोंडात, आणि रात्री कॅम्पवर थंडी वाजून ताप. फोरमन म्हणाला, दूध पी. (बुटीबोरीतही हेच सांगतात ना? दुधाने काही होत नाही.) मास्क मागायला गेलो तर स्टोअरवाल्याने माझीच सही दाखवली.

कामावर अपघात झाला तर उपचार आणि भरपाई मालकावर असते. पण तू सुरक्षेच्या सूचना मुद्दाम मोडल्यास असं कंपनीने दाखवलं, तर भरपाई हातची जाऊ शकते. ‘मास्क दिला होता, यानेच घातला नाही’ म्हणायला ती सही पुरते. तेव्हापासून न मिळालेल्या वस्तूपुढे मी ‘नॉट रिसीव्ह्ड’ लिहितो आणि पानाचा फोटो काढतो. स्टोअरवाला तोंड वाकडं करतो, पण वस्तू येते. आणि दिलेलं मात्र घालायचं, तीही कायद्याने आपलीच जबाबदारी.

आता उन्हाचं. मे महिन्यात ४६ अंशात डोक्याला दुपट्टा बांधून, खिशात कांदा टाकून फिरणारे आपण, आपल्याला काय होतंय, असं मलाही वाटायचं. पण आपलं ऊन कोरडं, घाम आला की वाळतो. दोह्यात ऑगस्टमध्ये समुद्राची दमट हवा असते. घाम अंगावरच राहतो, कव्हरऑल पिळावं तर पाणी निघतं, अंग थंड होतच नाही. म्हणून तिथे नुसता पारा बघत नाहीत. ओलावा, ऊन, वारा धरून एक आकडा काढतात, वेट बल्ब ग्लोब म्हणतात त्याला, तो ३२.१ अंशांच्या वर गेला की काम थांबवायचं. शिवाय २०२१ च्या आदेशाप्रमाणे १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावर काम नाही. गार पाणी फुकट. चामड्याचा एप्रन घालून उभ्या वेल्डरला हा नियम पाण्याइतकाच लागतो. सुपरवायझर ‘थोडंसंच राहिलंय’ म्हणेल, ऐकू नकोस.

निघण्याआधी करार नीट वाच, सुरक्षा साहित्याचा खर्च तुझ्यावर टाकणारी ओळ असेल तर सही करू नकोस. एजंट ई-मायग्रेटवर, म्हणजे परदेशी नोकरीसाठीच्या भारत सरकारच्या पोर्टलवर, नोंदलेला आहे का बघ. त्याची फी ३०,००० रुपये अधिक जीएसटी, त्यापुढे एक रुपया नाही. तिकडे अडलास तर आधी सेफ्टी ऑफिसर, मग कामगार मंत्रालय. भारतीय दूतावासाच्या छत्राखाली आयसीबीएफ ही तिथल्या भारतीयांना मदत करणारी संस्था आहे, तिथेही जा.

नंबरचा चष्मा असेल तर दोन करून ने, आणि सुती बनियन, मोजे. तुझ्या बुटाचा नंबर लिहून ठेव: आपला ७ म्हणजे तिकडचा साधारण ४१. मला पहिल्या दिवशी ४३ दिले होते, वर्षभर टाचेत कापूस कोंबून चाललो.