बाई, डाग काढू का?

प्रश्न : आदरणीय बाई, मी इचलकरंजीची. वय २६. बी. फार्म. झाले आणि औषधाच्या दुकानात काम करते. चार वर्षांपूर्वी हनुवटीवर आणि दोन्ही हातांच्या बोटांवर पांढरे डाग आले. डॉक्टर म्हणाले, कोड आहे. उपचार चालू आहेत. हनुवटीवरचा डाग बराच भरला, बोटांवरचे तसेच आहेत. दुकानात काही गिऱ्हाइकं माझ्या हातातून सुटे पैसे घेत नाहीत, काउंटरवर ठेवायला सांगतात. घरात स्थळं बघताहेत. चार ठिकाणची माणसं पोहे खाऊन ‘कळवतो’ म्हणून गेली, कुणीही कळवलं नाही. आई म्हणते, पुढच्या वेळी मेकअप लावून बस, लग्न झाल्यावर सांगू. आणि मावशी, काकू, मैत्रिणी, सगळ्या एकच सांगतात, ‘खरं सौंदर्य मनाचं असतं गं.’ हे वाक्य ऐकलं की मला रडू फुटतं. ज्यांचे चेहरे स्वच्छ आहेत त्यांना हे कुणी सांगत नाही. बाई, मनाचं सौंदर्य खरंच असतं का, की आमच्यासारख्यांच्या समाधानासाठी ते काढलेलं आहे? – एक वाचक

उत्तर : पोरी, तुझं पत्र तीनदा वाचलं आणि ‘त्यांना हे कुणी सांगत नाही’ या ओळीपाशी तिन्ही वेळा थांबले. ओळ खरी आहे. भाजीवालीनं माप कमी भरलं म्हणून वर दोन मिरच्या टाकाव्यात, तसं आपल्याकडे ‘मनानं छान आहे हो’ म्हणतात. मी तुझी तशी समजूत काढणार नाही. मला स्वतःला वयाच्या ३४व्या वर्षापासून कोड आहे, आणि आता मी ६७ वर्षांची आहे.

माझा पहिला डाग टिकलीखाली आला. तेव्हा मी हायस्कूलला चित्रकला शिकवत होते. मरून रंगाची, जरा मोठी टिकली रोज लावायचे. एका रात्री तोंड धुताना टिकली काढली तर कपाळावर बरोब्बर तेवढाच गोल, दुधासारखा पांढरा. आधी वाटलं, गोंद राहिलाय. नखानं खरवडून पाहिलं. त्वचेच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं की टिकलीच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्यूटाइल फिनॉल नावाचं रसायन असू शकतं आणि काहीजणींच्या त्वचेतल्या रंगपेशी त्यानं मरतात. टिकली बंद केली की काहींचा डाग तिथंच थांबतो. माझा थांबला नाही. ओठांच्या कडेला आला, मग बोटांवर, मग पावलांवर. एका ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून मी बावचीचं तेल लावून उन्हात बसले आणि हाताला फोड आले. ते बरे व्हायला महिना लागला.

त्या दिवसांत मी लांब बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतले. फळ्यावर लिहिताना पदर बोटांवर ओढून घ्यायचे. चैत्रातल्या हळदीकुंकवाला कुणाकडे जाईनाशी झाले, कारण कुंकू लावणाऱ्या बाईचं बोट कपाळापाशी आलं की एक क्षण थबकायचं. तो क्षण मला सोसत नव्हता.

माझ्या सासूबाईंच्या तोंडावर देवीचे वण होते. लहानपणी देवी येऊन गेलेल्या. आजच्या मुलींनी असा चेहरा पाहिलेला नसतो. आपल्या देशात देवीचे शेवटचे रुग्ण १९७५ साली सापडले आणि १९८० मध्ये जगातूनच हा रोग गेल्याचं जाहीर झालं. सासूबाई दिसायला देखण्या नव्हत्या. गाल खडबडीत, एक डोळा जरा बारीक. त्या वर्षी आमच्या घरी हळदीकुंकू होतं, आणि मी स्वयंपाकघरात डाळ वाटत बसले होते, बाहेर जायला नको म्हणून. त्या आत आल्या. हातात जुनी पितळेची डबी, मेणाची. टिकल्या येण्याआधी बायका कपाळाला मेण लावून त्यावर पिंजर लावायच्या, तीच डबी. काही बोलल्या नाहीत. माझी हनुवटी धरली, डागाच्या मधोमध अंगठ्यानं मेण लावलं, गोल फिरवून सारखं केलं, वर कुंकू भरलं आणि नाकावर सांडलेलं पदरानं टिपलं. मग म्हणाल्या, “गोंद सोसत नाही ना तुला. हे सोसेल. चल, कैरीची डाळ बाहेर ने.”

त्या अंगठ्याइतकं सुंदर मी फार थोडं पाहिलंय. त्यांचं मन कसं होतं ते मला आत शिरून बघता आलं नसतं. अंगठा दिसला. किती दाबायचं, किती नाही, हे त्याला कळत होतं. आत एक सौंदर्य आणि बाहेर एक, ही वाटणीच मला म्हणून पटत नाही. माणूस चांगलं असेल तर ते कुठंतरी बाहेर येतंच. बोलण्यात येतं, ऐकून घेण्यात येतं, दुसऱ्याच्या कपाळाला हात लावण्यात येतं. डोळ्यांना दिसेल असं येतं. बघणाऱ्याला तेवढा वेळ थांबावं लागतं, एवढंच.

हे मला वर्गातल्या एका मुलानं जास्त नीट शिकवलं. नववीचा वर्ग. इंटरमिजिएट परीक्षा झालेली होती आणि मुलांना जलरंगात व्यक्तिचित्र करून बघायचं होतं. मॉडेल कुणी मिळेना, म्हणून मीच खिडकीपाशी स्टुलावर बसले. दहा-पंधरा मिनिटांनी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून जवळ आला आणि हळूच म्हणाला, “बाई, डाग काढू का?”

मला पटकन कळेना. काढू म्हणजे चित्रात दाखवू, की काढून टाकू? त्याचाही तोच घोटाळा होता, म्हणून तर विचारत होता. मी म्हटलं, “तुला दिसतात ना? मग दिसतात तसे काढ.”

जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, तिथं कागद राखतात. म्हणजे जिथं पांढरं हवं ती जागा आधीच ठरवायची आणि बाकी सगळं रंगवताना तेवढी कोरी सांभाळायची. सगळ्यात जास्त जपावं लागतं ते त्याच जागेला. त्या मुलानं माझ्या ओठांच्या कडेचे, बोटांवरचे सगळे डाग असे राखले होते. डागाच्या काठाशी माझी त्वचा उरलेल्या त्वचेपेक्षा किंचित गडद आहे. हे मला आरशात कधी दिसलं नव्हतं, त्याला दिसलं, आणि तिथं त्यानं बर्न्ट सिएनाचा, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाचा, एक हात जास्त दिला होता. बाकीच्या मुलांनी बाईंना वाईट वाटेल म्हणून सगळा चेहरा एकसारखा रंगवला होता. ती चित्रं माझी वाटत नव्हती. याचं वाटलं. त्या वर्षापासून मी आखूड बाह्या घालायला लागले.

चेहरा काढायला बसलं की पहिली पाच मिनिटं तो देखणा आहे की नाही ते दिसतं. अर्ध्या तासानंतर ते दिसेनासं होतं. मग दिसायला लागतं की हसण्याच्या आधी हिचा खालचा ओठ हलतो, किंवा हा विचार करताना एक भुवई वर नेतो. तासभर नीट बघितला आणि आवडला नाही, असा एकही चेहरा मला इतक्या वर्षांत भेटला नाही. माझ्या चित्रकलेच्या खोलीत ड्यूरर या जर्मन चित्रकारानं कोळशानं काढलेल्या त्याच्या आईच्या चित्राची प्रत लावलेली होती. १५१४ सालचं चित्र. ती ६३ वर्षांची, १८ बाळंतपणं झालेली आणि त्यातली तीनच मुलं मोठी झालेली. गालफडं बसलेली, मानेच्या शिरा वर आलेल्या, एक डोळा भलतीकडे. चित्रानंतर दोन महिन्यांत ती गेली. मुलानं तिची एकही सुरकुती गाळलेली नाही. नवीन मुलं पहिल्या दिवशी त्या चित्राला घाबरायची. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्यांच्यातलीच कुणीतरी त्याची नक्कल करत बसलेली असायची.

आता कांदेपोह्यांचं. तिथं माणसं बसतात अर्धा तास, तुझ्याकडे बघतात दोन मिनिटं, आणि तीही रंग, उंची आणि डाग मोजायला. तेवढ्यात तू कुणालाच दिसलेली नाहीस. दिसलेली नसताना नाकारली गेलीस, तर तो तुझ्याबद्दलचा निकाल कसा मानायचा? दुखतं, हे मला माहीत आहे. पण माझं ऐकशील तर डाग पहिल्या फोनवरच सांगून टाक, फोटोतही दिसू दे. ज्यांना यायचं नाही ते येणार नाहीत आणि तुझे पोहे वाचतील. लपवून लग्न करू नकोस. मेकअप वाईट नाही, तुला आवडतो तेव्हा खुशाल लाव. पण रोज सकाळी नवरा उठायच्या आत उठून बोटं रंगवायची, असा संसार मला तुझ्यासाठी नको आहे.

आणि हे तुझ्या आईला वाचून दाखव. तू औषधं शिकलेली, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. वहिनी, कोड म्हणजे कुष्ठरोग नाही. जुन्या माणसांनी त्याला पांढरं कुष्ठ म्हटलं आणि त्या एका शब्दानं घराघरात भीती घातली. शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा रंगपेशींवर उलटते, म्हणून डाग पडतो. शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं तो होत नाही. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्यानं होतो हेही खरं नाही. जगात शंभरातल्या एखाद्याला असतो. मुलीच्या हातून काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही, आणि तुमच्या हातूनही नाही. हनुवटीचा डाग भरला आणि बोटांचे का नाही, असं तुम्हाला वाटत असेल. रंग बहुतेक करून केसांच्या मुळांतून परत येतो, आणि बोटांच्या टोकांना केस नसतात. तिथं वेळ लागतो, कधी येतही नाही. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर डॉक्टरांना विचारा. परकराची नाडी, घड्याळाचा पट्टा घट्ट नको. सतत घासलं जातं तिथं नवा डाग उठू शकतो.

पोरी, सुटे पैसे मात्र हातातच देत जा. एखाद्यानं हात मागे घेतला तर काउंटरवर ठेव, पण आधी हात पुढे कर.

प्रश्न : माझी मुलगी दुसरीत आहे, सावळी आहे. शाळेत ‘माझं कुटुंब’ चित्र काढताना तिनं सगळ्यांना ‘स्किन कलर’च्या गुलाबट खडूनं रंगवलं. मग आरशात बघून मला म्हणाली, “बाबा, माझा स्किन कलर चुकलाय का?” काय उत्तर द्यावं सुचलं नाही. – एक वडील, नाशिक

उत्तर : चुकलंय ते खडूचं नाव. १९७५ साली बाजारात आलेल्या एका क्रीमच्या नावातला ‘फेअर’ हा शब्द जायला २०२० साल उजाडावं लागलं, तेव्हा खडूच्या डब्याला आणखी किती लागतील कोण जाणे. तेवढं थांबू नका. रविवारी पोस्टर रंग घेऊन दोघं बसा. पिवळा ऑकर जास्त, त्यात बर्न्ट सिएना, सावलीसाठी थेंबभर अल्ट्रामरिन निळा, आणि पांढरा अगदी शेवटी, लागलाच तर. प्रत्येक वेळी एक ठिपका तिच्या मनगटाच्या शेजारी धरून बघा. चार-पाच प्रयत्नांत असा ठिपका जमेल की तो कागदावर आहे की हातावर ते कळणार नाही. त्या रंगाला नाव द्यायचं ते तिला देऊ दे. तोच रंग ओला असताना त्यात तुमचा करायला सांगा, मग आईचा, मग आजीचा. आजीला डोळ्यांखाली किंचित जांभळा लागेल.