गेम थिअरी, हेल्मेट आणि अकरावीत सोडलेलं गणित

पत्र: मी एस. वाय. बी. कॉम.ला आहे, सिंहगड रस्त्यावर राहते. यूट्यूबवर ‘कैद्यांचा पेच’ या कोड्याचा व्हिडिओ पाहिला आणि गेम थिअरीच्या नादी लागले. जाडजूड पुस्तक आणलं, पण मिक्स्ड स्ट्रॅटेजीपाशी दोन महिने अडकले आहे. अकरावीत गणिताऐवजी एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेतलं होतं. बाबांना वाटतं, मी मोबाईल गेम बनवायला शिकतेय. हे घरी शिकता येईल का? आणि यात नोकरी मिळते का?

उत्तर: आधी बाबांना सांग, की गणिती जॉन नॅश यांना 1994 साली अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं ते याच विषयासाठी. मोबाईलचा संबंध नाही. समोरचा काय करेल हे धरून आपण काय करायचं, याचा हा हिशेब आहे.

घरी शिकता येईल. तू अडकलीस तिथे बहुतेक जण अडकतात, आणि त्याला गणित सोडल्याचं कारण अर्धंच आहे. तू कॉलेजला स्कूटीवर जातेस असं धरू. चौकात पोलीस रोज उभा राहिला तर तू रोज हेल्मेट घालशील. सगळेच घालायला लागले की उभं राहून त्याला काय मिळणार? तो येईनासा होईल. तो येत नाही म्हटल्यावर हेल्मेट डिकीत जाईल, की तो पुन्हा हजर. कुठलीच जोडी टिकत नाही. म्हणून दोघंही ‘कधी हो, कधी नाही’ खेळतात. मिक्स्ड स्ट्रॅटेजी म्हणजे एवढंच.

आता आकडे घालू, माझ्या मनाचे. पकडलं तर दंड 500 रुपये. हेल्मेटचा उकाडा आणि विस्कटलेले केस मिळून तुझ्या लेखी 50 रुपयांचा त्रास. पोलीस दहा दिवसांतून एकदा उभा राहिला, तर हेल्मेट न घालण्याचा सरासरी भुर्दंडही 50 रुपयेच. म्हणजे घातलं काय, न घातलं काय, तुला सारखंच. गंमत इथे आहे: पोलिसाने किती वेळा यायचं हे तुझ्या त्रासावरून निघालं, त्याच्या नव्हे. आणि तू किती वेळा घालायचं हे त्याच्या हिशेबावरून निघतं, म्हणजे उभं राहण्याचे कष्ट आणि पकडण्याचा फायदा यांवरून. दंड 1000 केला आणि त्याचा हिशेब तोच राहिला, तर तुझं घालण्याचं प्रमाण तसूभरही बदलत नाही. तो मात्र वीस दिवसांतून एकदा येतो. पुस्तकातलं समीकरण हेच सांगतं, पण वाचून कळत नाही. वहीत चार चौकटी आखून सोडवावं लागतं. (डोकं फुटण्याचा खर्च मी धरलेला नाही. तू हेल्मेट घाल.)

ते जाडजूड पुस्तक सहा महिने कपाटात ठेव. येल विद्यापीठातल्या बेन पोलॅक यांची 24 व्याख्यानं इंटरनेटवर फुकट आहेत. आठवड्याला एकच बघ, आणि उदाहरण आलं की व्हिडिओ थांबवून आधी स्वतः सोडव. सोबत बालभारतीच्या अकरावी-बारावी कॉमर्सच्या गणितातली संभाव्यतेची प्रकरणं कर. थोडं कलनही (कॅल्क्युलस) लागेल, पण पुढे. नॅश यांचा 1950 चा मूळ निबंध जेमतेम दोन पानांचा आहे म्हणून मोहात पडू नकोस; त्यातली सिद्धता स्थिरबिंदूच्या प्रमेयावर उभी आहे, ते आत्ता तुझं काम नाही.

नोकरीचं स्पष्टच सांगते: ‘गेम थिअरी येणारी व्यक्ती हवी’ अशी जाहिरात तुला सहसा दिसणार नाही. हा विषय अर्थशास्त्राच्या पदवीबरोबर चालतो. लिलावांची रचना, स्पर्धा कायदा, कंपन्यांचं दरधोरण अशा कामांत तो वापरला जातो. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटचं अर्थशास्त्रातलं पदव्युत्तर शिक्षण समोर ठेव. कोलकाता-दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचं एम. एस. क्यू. ई. (गणिती अंगाच्या अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी) हवं असेल, तर प्रवेश परीक्षेत गणित चांगलंच असतं. एसपीवाल्या मुलीला त्यासाठी वर्षभराची तयारी धरावी लागेल. क्लासला पैसे भरण्याआधी जुने पेपर बघ आणि किती प्रश्न निदान कळतात ते मोज. त्यावर गोखले की एम. एस. क्यू. ई. ते ठरवू.

तोवर एक गृहपाठ. तुमच्या सोसायटीत बोलीची भिशी (जो जास्त रक्कम सोडेल, त्याला त्या महिन्याचे पैसे) असेल, तर आईला किंवा शेजारच्या काकूंना विचार: पहिल्या महिन्यात किती सोडून उचलतात, आणि शेवटच्या महिन्यापर्यंत कोण थांबतं? कोणाला काय माहीत असतं आणि काय नसतं, ते एका पानावर लिही. ते पान मला पाठव.