टेरिटोरियल आर्मीला मोठे साहेब किती लागतात, हे ठरवतात कसं?

तुम्ही विचारलंय की टेरिटोरियल आर्मी ही अर्धवेळ राखीव फौज, मग तिला ब्रिगेडिअर आणि जनरल किती हवेत याचं दर हजार जवानांमागे अमुक असं काही कोष्टक असतं का.

नसतं. मी पलटणीच्या ऑफिसात क्लार्क होतो, आता निवृत्त होऊन सोलापुरात असतो. फौजेत माणसांआधी खुर्च्या मोजतात. पीई म्हणजे शांततेतली मंजूर पदं, डब्ल्यूई म्हणजे युद्धातली. पद, हुद्दा, संख्या असे रकाने. कंपन्या वाढल्या की खालचे आकडे फुगतात, पण कमांडिंग ऑफिसरसमोर '१' तो '१'च.

खरा प्रश्न असा की युद्धात ही पलटण कुणाच्या हुकमाखाली जाणार? आषाढीला पंढरपुरात बाहेरगावचे होमगार्ड बंदोबस्ताला येतात, ते इथल्याच पोलीस अधिकाऱ्यांच्या हाताखाली उभे राहतात. सोबत वेगळा एसपी येत नाही. टेरिटोरियलचंही तसंच. कोल्हापूरची १०९ पलटण बाहेर गेली की तिथल्या नियमित ब्रिगेडला, म्हणजे ब्रिगेडिअरच्या हाताखालच्या काही पलटणींच्या गटाला, जोडली जाते. म्हणून तिच्यासाठी लढाईतला वेगळा ब्रिगेडिअर लागत नाही. उरतं प्रशासन. त्याला पुण्यात ग्रुप हेडक्वार्टर आणि दिल्लीत महासंचालक, लेफ्टनंट जनरल हुद्द्याचे. एवढ्या छोट्या दलाला इतका मोठा हुद्दा कशाला? माझ्या मते फायलीसाठी. समोरच्या टेबलावर बरोबरीचा माणूस असला की फाईल हलते.

अमेरिकेत गणित वेगळं, कारण त्यांच्या नॅशनल गार्ड या अर्धवेळ फौजेकडे स्वतःच्या ८ डिव्हिजन (ब्रिगेडहून मोठ्या तुकड्या) आहेत. प्रत्येकीला मेजर जनरल हवाच. तिथे लष्कराच्या राखीव जनरलांची कमाल मर्यादा कायद्यातच घातलीय, वर्षानुवर्षं २०७.

पुढची चाळणी: त्या खुर्चीवर राखीव दलातलाच माणूस हवा का? आपल्याकडे वरच्या जागांवर बहुधा नियमित फौजेतलेच अधिकारी येतात. राखीवातलाच हवा असेल तर खाली शिडी लागते. टेरिटोरियलमध्ये लेफ्टनंट कर्नलपर्यंत सेवेच्या वर्षांवर बढती मिळते, पुढे निवड. बँकेतली नोकरी सांभाळून वर्षाकाठी दोनेक महिने देणाऱ्याचे कोर्स आणि पलटण सांभाळायचा काळ कधी पुरे व्हायचे? त्यामुळे एका ब्रिगेडिअरसाठी हाताशी एक पायरी खालचे बरेच कर्नल तयार असावे लागतात, आणि हिशेब बहुतेक वेळा इथेच चुकतो.

आणि हो, धोनीचं लेफ्टनंट कर्नलपद मानद आहे. ते या रकान्यांत धरत नाहीत.