अविनाश साबळेचा सराव आणि त्यामागची जिद्द वर्षांगणिक कशी बदलत गेली?

माझ्या मते याचं उत्तर एका गोष्टीत आहे: स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीतला हा धावपटू, साबळे, कुणाविरुद्ध पळतोय हे बदलत गेलं आणि त्यामागून सराव बदलला.

सुरुवातीला समोर कुणीच नव्हतं. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. आईवडील शेतकरी, शाळा काही किलोमीटर लांब, जायला गाडी नाही, म्हणून पोरगं पायी नाहीतर पळत जायचं. (यालाच बातम्यांमध्ये ‘बालपणापासूनचा सराव’ म्हणतात. मला ते काही पटत नाही. तसं असतं तर मराठवाड्यात घरटी एक धावपटू निघाला असता!) बारावीनंतर तो सैन्यात गेला तो नोकरीसाठी. ५ महार रेजिमेंट, मग सियाचिन, राजस्थान, सिक्कीम. स्पर्धेत पळणं सुरू झालं २०१५ च्या सुमारास, सैन्याच्या क्रॉस कंट्रीमधून. मधे दुखापत झाली, वजन सुटलं, आणि अमरीश कुमार या प्रशिक्षकाच्या हाताखाली त्याने ते वीसेक किलो उतरवलं. त्यांनीच त्याला २०१७ मध्ये स्टीपलचेसकडे वळवलं.

स्टीपलचेस म्हणजे ३००० मीटर, २८ अडथळे, शिवाय ७ वेळा पाण्यावरून उडी. इथले अडथळे हर्डल्ससारखे पाय लागला की आडवे होत नाहीत, आडवा होतो तो पळणारा.

२०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंदांची वेळ देऊन गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. इथून पुढे त्याचा प्रतिस्पर्धी म्हणजे घड्याळ. देशात जवळपास फिरकणारं कुणी नाही, त्यामुळे पहिल्या फेरीपासून एकट्याने पुढे पळायचं आणि स्वतःचाच विक्रम खाली आणायचा. २०२० मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन ६० मिनिटे ३० सेकंदांत पळाला, तोही राष्ट्रीय विक्रम. दमसासाचा प्रश्नच नव्हता.

मग २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिक. ८:१८.१२, पुन्हा राष्ट्रीय विक्रम, आणि तरीही प्राथमिक फेरीतच बाहेर. मला विचाराल तर खरं वळण हेच. घड्याळ हरलं, पण शर्यत हातची गेली.

२०२२ मध्ये तो अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्सला प्रशिक्षक स्कॉट सिमन्स यांच्याकडे गेला. समुद्रसपाटीपासून अठराशे मीटरहून उंच जागा, तिथली विरळ हवा, हे तर आहेच. त्याच वर्षी सपाट ५००० मीटरमध्येही त्याने बहादूर प्रसाद यांचा तीस वर्षांचा विक्रम मोडला, तो उगाच नाही. स्टीपलचेसचा शेवटचा किलोमीटर सपाटीवरच्या वेगावर जिंकला जातो. पण वेग आला म्हणून डावपेच येत नाहीत. जुलैमध्ये युजीनला जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम फेरीत शर्यत संथ झाली, शेवटी सगळे सुटले आणि हा अकरावा आला.

तीन आठवड्यांच्या आत बर्मिंगहॅम. राष्ट्रकुल स्पर्धेत १९९८ पासून प्रत्येक वेळी या प्रकारातली तिन्ही पदकं केनियाची. साबळे त्यांच्या घोळक्यातच पळत राहिला आणि ८:११.२० मध्ये रौप्य घेऊन गेला. सुवर्ण हुकलं अवघ्या ०.०५ सेकंदाने! त्या दिवशी तो विक्रमामागे नव्हता, माणसांमागे होता, आणि विक्रम आपसूक झाला.

हे कोडं कायमचं सुटलं असं मात्र नाही. २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत पुन्हा प्राथमिक फेरीत बाद, आणि महिना-दीड महिन्यात हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत जुन्या पद्धतीने एकटाच पुढे पळत ८:१९.५० मध्ये सुवर्ण. २०२४ च्या जुलैत ८:०९.९१ पर्यंत पोचला; ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत मात्र अकरावा. तरी ऑलिंपिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष.

जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत तो पाण्याच्या उडीवरच पडला आणि गुडघ्याचा लिगामेंट फाटला. त्यामुळे पुढचा प्रतिस्पर्धी पुन्हा स्वतःचंच शरीर, २०१५-१६ सारखा. फरक इतकाच, की तेव्हा तो एक नवखा जवान होता.