‘कासाब्लांका’ या हॉलिवूड चित्रपटातला तो गुबगुबीत गालांचा हेडवेटर कोण? तो आधी काय करायचा?

एस. झेड. साकाल. मूळचा बुडापेस्टचा, जन्म १८८३ चा. मीही फिल्म सोसायटीत ‘कासाब्लांका’ पहिल्यांदा पाहिला तेव्हा घरी येऊन आधी याचंच नाव शोधलं होतं, नायक हम्फ्री बोगार्टचं नव्हे.

साकाल हे त्याचं खरं आडनाव नाही. शाळेत असतानाच तो बुडापेस्टच्या विनोदी कार्यक्रमांसाठी प्रहसनं लिहायला लागला. वयाने मोठं दिसावं म्हणून दाढी वाढवली आणि तिच्यावरूनच टोपणनाव घेतलं, ‘सोके साकाल’. हंगेरियनमध्ये याचा अर्थ ‘भुरी दाढी’. दाढी गेली, नाव चिकटलं. अमेरिकेत त्याचं एस. झेड. झालं ते या नावाच्या स्पेलिंगमधली पहिली दोन अक्षरं सुटी करून.

पुढे व्हिएन्ना आणि बर्लिन. तिथल्या कॅबरेत त्याने नाव कमावलं. कॅबरे म्हटलं की आपल्याला हेलन आठवते. तिकडचं कॅबरे म्हणजे छोटा रंगमंच, समोर खाणंपिणं करणारे लोक, गाणी, नकला, राजकारणाची टिंगल. अशा ठिकाणी प्रेक्षकाचं लक्ष ताटावरून आपल्याकडे खेचायला तुम्हाला फार तर दोन मिनिटं मिळतात. साकालचे दोन्ही हातांनी गाल धरणं, डोळे विस्फारणं, गालांचं थुलथुलणं ही सगळी त्या तालमीतली हत्यारं. तो जर्मन बोलपटांतही चालला. १९३१ च्या त्याच्या एका चित्रपटाची हॉलिवूडने लगेच इंग्रजी आवृत्ती काढली, तेव्हा त्याची भूमिका तिथला नावाजलेला विनोदी नट डब्ल्यू. सी. फील्ड्स याला दिली. यावरून त्याचं वजन कळेल.

१९३३ मध्ये हिटलर आला आणि ज्यू साकालला बर्लिन सोडावं लागलं. काही वर्षं हंगेरीत काढून तो अमेरिकेला पोचला तेव्हा पन्नाशी उलटून गेली होती आणि इंग्रजी जेमतेम. शब्दांवर जगणाऱ्या माणसाची याहून मोठी पंचाईत कोणती? साकालने त्या मोडक्या इंग्रजीचंच भांडवल केलं. ‘ख्रिसमस इन कनेक्टिकट’ (१९४५) मध्ये ‘सगळं झकास’ या अर्थाच्या ‘हंकी-डोरी’चं तो दर वेळी ‘हंकी-डंकी’ करतो. चूक एकदा झाली तर हसू येतं. तिसऱ्यांदा नेमकी तीच, त्याच निरागस चेहऱ्याने करणं हे कसब आहे.

‘कासाब्लांका’ (१९४२) मधली हेडवेटर कार्लची भूमिका त्याला आधी नको होती. किती आठवडे काम द्यायचं यावरून घासाघीस झाली आणि तीन आठवड्यांवर मिटलं. श्रेयनामावलीत सहकलाकार पीटर लॉरे त्याच्या वर आहे, पडद्यावर मात्र साकाल त्याच्यापेक्षा जास्त वेळ दिसतो.

त्यातलाच एक छोटा प्रसंग पुन्हा पाहा. एक म्हातारं जोडपं अमेरिकेला निघालंय. सराव म्हणून दोघं आपसात फक्त इंग्रजी बोलतात. ‘किती वाजले’ विचारायचं तर तो विचारतो, ‘किती घड्याळ?’ ती म्हणते, ‘दहा घड्याळ.’ कार्ल गंभीरपणे सांगतो, अमेरिकेत तुमचं छान जमेल. ते जोडपं म्हणजे लुडविग श्टोसेल आणि इल्का ग्रूनिंग. टेबलाशी असलेले तिघंही नट नाझींपासून पळून आलेले. लेखकाने विनोद लिहिला असेल, पण मला तिथे हसताना दर वेळी थोडं अडखळायला होतं. साकालच्या तीन बहिणी छळछावण्यांत मारल्या गेल्या.

‘कासाब्लांका’ काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओचा प्रमुख जॅक वॉर्नर याने त्याला ‘कडल्स’ (कुशीत घ्यावंसं वाटणारा) हे लाडाचं नाव दिलं आणि पुढे ते श्रेयनामावलीतही छापलं. साकालला ते फारसं आवडत नव्हतं, असं म्हणतात. १९५४ मध्ये आत्मचरित्र आलं तेव्हा मात्र त्याने ते शीर्षकात घेतलं आणि पुढे जोड दिली: सम्राट फ्रान्स जोसेफ, अडॉल्फ हिटलर आणि वॉर्नर ब्रदर्स यांच्या अमलाखालचं माझं आयुष्य. तिघांना एकाच रांगेत! कॅबरेतला माणूस शेवटपर्यंत शाबूत होता. फेब्रुवारी १९५५ मध्ये तो गेला.

आणखी पाहायचं असेल तर ‘इन द गुड ओल्ड समरटाइम’ (१९४९) बघा. त्यात तो संगीतवाद्यांच्या दुकानाचा चिडका मालक आहे, आणि ‘कासाब्लांका’पेक्षा बराच जास्त वेळ दिसतो.