ग्रुनवाल्ड: किल्ला टिकला, मग ट्यूटॉनिक नाइट्सचा कणा मोडला कसा?

तुम्ही विचारलंय की १४१० मध्ये ग्रुनवाल्डला हरूनही ट्यूटॉनिक नाइट्सची (बाल्टिक किनाऱ्यावर राज्य करणाऱ्या, धर्मयुद्ध लढणाऱ्या जर्मन ख्रिस्ती सरदारांच्या संघाची) राजधानी, मालबोर्कचा किल्ला, पडली नाही, मग त्या लढाईने त्यांचा कणा मोडला असं का म्हणतात? माझ्या मते याचं उत्तर त्यांच्या खजिन्यात शोधावं लागतं.

१५ जुलैची ती लढाई भयंकरच झाली. एका बाजूला पोलंडचा राजा याग्येवो आणि त्याचा चुलतभाऊ, लिथुआनियाचा व्हिताउतास. समोर नाइट्सचा प्रमुख, म्हणजे ग्रँड मास्टर, उलरिश फॉन युंगिंगेन, ज्याने दोन नंग्या तलवारी पाठवून राजाला डिवचलं होतं. लिथुआनियाची फळी मागे हटली, पाठलागात नाइट्सची रांग विस्कटली. (ती हूल होती की खरी माघार, हा वाद अजून चालू आहे. मला हूलच वाटते.) युंगिंगेनसह बहुतेक सगळे वरिष्ठ अधिकारी त्या दिवशी मारले गेले.

नाइट्सच्याच हाइनरिश फॉन प्लाउएन या अधिकाऱ्याने घाईने मालबोर्क गाठून सुमारे दोन महिने किल्ला लढवला आणि वेढा उठला. १४११ च्या तोरुन्यच्या तहात मुलूखही फारसा गेला नाही. पण खंडणी ठरली प्राग ग्रोशेनच्या १ लाख कोपा. एका कोपात ६० नाणी, म्हणजे ६० लाख चांदीची नाणी! ती शहरांवर कर लादूनच उभी करायची होती. त्यांच्याच राज्यातल्या ग्दान्स्क शहराने विरोध केला, तर त्याच वर्षी तिथल्या महापौराला, कोनराड लेट्स्काउला, नाइट्सनी ठार केलं. आपल्याच प्रजेशी हे वैर मला पराभवापेक्षा महागात पडलेलं दिसतं.

बाहेरून मदत मिळणंही अवघड होत गेलं. लिथुआनियाने १३८७ मध्येच ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, मग धर्मयुद्ध करायचं कोणाशी? भाडोत्री सैनिक ठेवायचे तर रोख पैसा हवा.

१४४० मध्ये शहरं आणि जमीनदार एक झाले, १४५४ मध्ये त्यांनी बंड करून पोलंडच्या राजाला बोलावलं. या युद्धात सैनिकांचे पगार थकले, म्हणून नाइट्सनी किल्ले त्यांच्याकडेच गहाण टाकले, मालबोर्कसुद्धा. पैसे मिळेनात तेव्हा सैनिकांनी तो शत्रूला विकून टाकला. याग्येवोला जो किल्ला जिंकता आला नाही, त्यात त्याचा मुलगा काझिमिएश १४५७ मध्ये पैसे मोजून शिरला.