सहा महिने नोकरी शोधतोय, नुसते नकार येतायत, तरी नीट कसं वागायचं?

मी चिपळूणचा, बीएस्सी केमिस्ट्री, मीपण आठ महिने घरी होतो. लोटे एमआयडीसीत एका कंपनीने इंटरव्ह्यूला बोलावून तीन तास गेटवर बसवलं आणि मग सांगितलं जागा भरली, डोकं असलं तापलेलं पण वॉचमनवर चिडून काय होणार, एचआरच्या मॅडमना एवढंच म्हटलं की पुढे काही निघालं तर कळवा आणि घरी येऊन दोन ओळींचा थँक्यू मेल टाकला. दीड महिन्याने त्यांचाच फोन, क्यूसीला, म्हणजे मालाची क्वालिटी तपासायच्या खात्यात, जागा होती. सगळ्यांना असा फोन येतोच असं नाही हां. पण लोटे, खेर्डी, खडपोली, आमच्या इकडच्या सगळ्या एमआयडीसींत ओळखीचीच माणसं, एकीकडचं भांडण दुसरीकडे आपल्याआधी पोचतं. स्टेटसला कंपनीबद्दल काही टाकू नका. आणि नकार आला की त्याच रात्री रिप्लाय नको, सकाळी करा.